बरणीचं झबलं

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. शुक्रवारी संध्याकाळी बँकेतून घरी आलो, ओली छत्री कोपऱ्यात उभी केली आणि समोर पाहतो तो फळीवर माझा शर्ट बसलेला.

टांगलेला नव्हे, बसलेला. आणि एका ठिकाणी नाही, आठ ठिकाणी. काचेच्या आठ बरण्या ओळीने उभ्या होत्या आणि प्रत्येकीच्या अंगात माझ्या निळ्या चौकड्यांच्या शर्टाचं एकेक झबलं होतं. गळ्याशी चुण्या, चुण्यांवर पांढरी लेस, खाली दुमड. पूर्वी लग्नकार्यात एका ताग्यातून शिवलेले कपडे घालून सगळी भावंडं एका सतरंजीवर बसायची, तशा त्या बसल्या होत्या.

"अगं, हा माझा शर्ट!"

"होता," आमची ही सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली. सुईत दोरा ओवणाऱ्या बाईशी वाद घालू नये हे मला लग्नानंतर तिसऱ्याच महिन्यात कळलेलं आहे. तिचा एक डोळा मिटलेला असतो आणि आपण नेमके कोणत्या डोळ्याशी बोलतो आहोत ते समजत नाही.

"पण विचारायचं तरी!"

"तुम्हीच म्हणालात ना, कॉलर विरली, आता बोहारणीला देऊन टाक? बोहारणीने त्यावर एक चमचा दिला नसता. माझ्या आठ बरण्या झाल्या."

हिशेब बिनतोड होता. मी कॉमर्सचा पदवीधर आहे, गेली बावीस वर्षं बँकेत दुसऱ्यांचे हिशेब तपासतो आहे. पण घरातल्या हिशेबात मी कायम नावे पडतो आणि ती कायम जमा असते. गंमत म्हणजे त्यातल्या तिसऱ्या बरणीवर माझा खिसा जसाच्या तसा आला होता आणि खिशाखाली बॉलपेन गळून पडलेला शाईचा डागही. तो डाग तिने भिंतीकडे फिरवून ठेवला होता. हे माझ्या पुष्कळ उशिरा लक्षात आलं.

माझी बदली जव्हारला झाली तेव्हा डोंबिवलीतले शेजारी मला भेटायला असे आले, की जणू मी सीमेवर चाललो होतो. जव्हार हे पूर्वी मुकणे राजांचं संस्थान. 1948 साली ते विलीन होऊन ठाणे जिल्ह्यात गेलं आणि 1 ऑगस्ट 2014 पासून पालघर जिल्ह्यात आलं. म्हणजे बरणी तीच, चिठ्ठी तेवढी दोनदा बदलली. इथे आल्यावर हिने पुढच्या खोलीत शिवणक्लास काढला. ही खोली सकाळी शिवणखोली असते, संध्याकाळी बैठकीची खोली आणि रात्री चिरंजीवांची निजायची खोली. आजूबाजूच्या गावांतून बायका-मुली शिकायला येतात. दोघी साखरशेतहून येतात, एसटी मिळाली तर एसटीने, नाही तर मिळेल त्या जीपने.

साखरशेत हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे उसाचे फड उभे राहिले होते. पुढे गेलो तेव्हा भात दिसला, नागली दिसली, वरई दिसली. ऊस काही मला दिसला नाही. पण त्याबद्दल पुढे.

शिवणकाम करणाऱ्या घरात काय काय बारीकसारीक असतं याची पुरुषांना कल्पना नसते. बटणं, टिचबटणं, हुक, आकडे, बॉबिन, रिळं, इलॅस्टिक, नाडी, लेस, बकरमचे तुकडे, खडू, टाचण्या. हे सगळं आमच्या घरात एका बिस्किटाच्या डब्यात असायचं. डेन्मार्कच्या लोणी-बिस्किटांचा तो गोल निळा डबा जगभरच्या घरांत शेवटी सुईदोऱ्याचाच डबा होतो. तो उघडणाऱ्या पोरांचा हिरमोड मुंबईत होतो तसाच म्हणे लंडनमध्येही होतो. विद्यार्थिनी वाढल्या तशी त्या एका डब्यात चाळीतल्यासारखी गर्दी झाली. मग हिने बरण्या जमवायला सुरुवात केली. जॅमच्या, लोणच्याच्या, मधाच्या, कॉफीच्या. मला तर संशय आहे, की त्या महिन्यात आम्ही जॅम खाल्ला तो जॅमसाठी नव्हेच.

बरणीला कपडे घालणं हे वाटतं तितकं सोपं नाही. आधी ती नागवी करावी लागते. कोमट पाण्यात सोडा घालून रात्रभर ठेवली की कागद सुटतो, पण गोंद राहतो. तो गोंद नखाने निघत नाही, घासणीने निघत नाही, नवऱ्याने घासूनही निघत नाही. त्याला खोबरेल तेल लावून पाऊण तास विसरून जायचं, मग तो आपणहून निघतो. (कर्जवसुलीतही ही पद्धत वापरून पाहावी असं मी साहेबांना सुचवलं होतं. साहेब हसले नाहीत.) मग टेपने बरणीचा घेर घ्यायचा, उंची घ्यायची, वर बोटभर माया सोडायची.

पहिल्या खेपेला हिने कापड मैद्याच्या खळीने चिकटवलं. दोन दिवस शोभा झाली. तिसऱ्या दिवशी मुंग्यांना पत्ता लागला. दुसऱ्या खेपेला बाजारचा डिंक आणला. मुंग्या गेल्या, पण वर जव्हारचा पाऊस. इथे जूनमध्ये सुरू झालेला पाऊस कपाटात, वह्यांत आणि माणसांच्या स्वभावात शिरतो. पंधरा दिवसांत बरण्यांच्या अंगावर हिरवट बुरशीची नक्षी उमटली. तेव्हा हिने शहाणपणाचा निर्णय घेतला, की चिकटवायचं नाही, घालायचं. वर-खाली इलॅस्टिक ओवून काढता-घालता येणारं झबलं. मळलं की धुवायचं. लहान बरणीच्या झाकणावर स्पंज भरून टाचण्यांची गादी. माझ्या शर्टाची आहुती पडली ती या तिसऱ्या प्रयोगात. श्रीकृष्णाचं बोट कापलं तेव्हा म्हणे सुभद्रेला घरभर शोधूनही चिंधी मिळाली नाही आणि द्रौपदीला भरजरी वस्त्र फाडावं लागलं. आमच्या घरी येते तर पाठचे-पुढचे सगळे पेच टळले असते.

तर माझं आणि बरण्यांचं भांडण त्या सोमवारी सुरू झालं. सकाळचे नऊ चाळीस. शर्टाचं दुसरं बटण तुटलेलं. मी फळीपाशी गेलो आणि आठही बरण्या माझ्याकडे सारख्याच निर्विकारपणे पाहू लागल्या. पहिलीत हुक, दुसरीत नाडी, तिसरीत टाचण्या (हे बोटाला कळलं), चौथीत रिळं. सातवीत बटणं सापडली तोवर ती साहेबांच्या घड्याळात दहा वाजून बारा मिनिटांना सापडली असंच म्हणायला हवं.

संध्याकाळी मी रीतसर भाषण केलं. काचेत गुण तो काय? आरपार दिसणं. तेवढा एकच गुण घेऊन बिचारी जन्माला आली आणि तू त्याच गुणावर कापड चढवलंस. हे म्हणजे विंडो ड्रेसिंग झालं. वाचकांपैकी जे बँकेत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: 31 मार्च जवळ आला की काही बँकांच्या ठेवी एकाएकी बाळसं धरतात आणि एप्रिल उजाडताच ते उतरतं. ताळेबंद एका दिवसासाठी पावडर-कुंकू लावून खिडकीत बसतो. या प्रकाराबद्दल बँकांना वरून कानपिचक्याही मिळाल्या आहेत. "जॅमच्या बाटलीने जॅमची बाटली म्हणून जगावं," मी म्हणालो, "आपण जे आहोत ते लपवण्यात कसली आली कला?"

"आधी ते बनियन बदला," ही म्हणाली, "पाठीला भोक आहे. आत असतं म्हणून चालतं."

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर प्रत्येक झाकणावर आत काय आहे त्याचा एकेक नमुना शिवला होता. बटणांच्या बरणीवर बटण, हुकांच्या बरणीवर हुक. "घ्या, तुमची पारदर्शकता," ती म्हणाली. मी म्हटलं, आत काय आहे ते बाहेर टाकायचंच होतं तर मुळात झाकलं कशाला? त्यावर तिने रिळांची बरणी माझ्या हातात दिली आणि जुन्या डब्यातलं, वर्षभर खिडकीपाशी पडलेलं एक लाल रीळ शेजारी धरलं. वर ते गुलाबी झालं होतं आणि दोन पदर उलगडल्यावर आत लाल. "उन्हाने रंग उडतो. तुमच्या ताळेबंदातला आकडा विटतो का उन्हाने?"

ताळेबंदातल्या आकड्यांचं काय काय होतं ते मी तिला सांगितलं नाही. पण आपला मुद्दा तितका सोपा नाही असं मला त्या रात्री पहिल्यांदा वाटलं.

विचार करू लागलो तसं आठवलं, की बरणीला कापड ही आपल्याकडे नवी गोष्टच नाही. आजीच्या माजघरातली चिनी मातीची बरणी, वर चॉकलेटी, खाली पांढरी. तिच्या तोंडाला दादरा बांधलेला असायचाच. दादरा नसता तर लोणच्याचं काय झालं असतं हे सांगायला नको. न्यूयॉर्कच्या जॉन मेसन नावाच्या एका पत्रे ठोकणाऱ्या कारागिराने 1858 साली बरणीच्या तोंडाला आटे पाडून फिरकीच्या झाकणाचं पेटंट घेतलं. त्या आट्यांवर पुढे पुष्कळ कारखानदार श्रीमंत झाले आणि मेसन 1902 साली गरिबीत वारला. बरणीचं तोंड बंद कसं करावं हे जगाला शिकवणाऱ्याला स्वतःचा पैसा काही बंद ठेवता आला नाही.

आणि डालड्याचा डबा! 1937 पासून हे वनस्पती तूप आपल्याकडे विकलं गेलं आणि त्याचा तो पिवळा डबा, ताडाच्या झाडाचं चित्र असलेला, घरोघर पुनर्जन्म घेत राहिला. एका घरात त्यात तुळस, दुसऱ्या घरात पीठ, चाळीच्या टोकाला त्याचा जो उपयोग व्हायचा तो सभ्य पुस्तकात लिहिता येत नाही. तुळशीचा डबा गेरूने रंगवायचे. टोकाच्या डब्याला मात्र कुणी रंग दिला नाही, त्याच्यावरचं ताडाचं झाड शेवटपर्यंत शाबूत असायचं. म्हणजे माणूस जिथे नमस्कार करतो तिथेच वस्तूची जुनी ओळख पुसतो की काय? का ज्या वस्तूला मान द्यायचा आहे तिला आधी कपडे घालतो? हिशेबाच्या भाषेत बोलायचं तर पहिल्या कामातून उतरलेली वस्तू आम्ही घसारा लावून लावून एक रुपयावर आणून ठेवतो. पुस्तकातून ती जाऊ नये म्हणून तो एक रुपया. बायका त्याच रुपयाला चुण्या पाडून लेस लावतात. फरक इतकाच.

यातच श्रावण आला आणि साखरशेतच्या त्या दोघींपैकी एकीबरोबर तिची आजी आली. नात काय शिकते ते बघायला. आजींनी मशीन पाहिलं, खोली पाहिली, मग फळीपाशी जाऊन बरण्यांकडे पुष्कळ वेळ पाहत राहिल्या. आठ निळ्या बरण्यांच्या टोकाला एक नववी होती, फिकट जांभळ्या कापडातली. तिच्यावर हात ठेवून आजींनी हिला विचारलं,

"बाय, ही फुटली काय?"

मुली हसायला लागल्या. हीदेखील हसली. आजींच्या दृष्टीने प्रश्न सरळ होता. धडधाकट वस्तूला कुणी कशाला बांधून ठेवील? मी आतल्या दारात चहाचा कप घेऊन उभा होतो. मला हसता आलं नाही, कारण ती खरोखरच फुटलेली होती.

ती बरणी आईची. मी नऊ वर्षांचा असताना मला विषमज्वर झाला आणि उठल्यावर अंगात ताकद यावी म्हणून डॉक्टरांनी हॉर्लिक्स सांगितलं. तेव्हा ते काचेच्या बाटलीत यायचं. आमच्या घरात तो मोठा खर्च होता. बाटली संपल्यावर आईने तिच्यात बटणं ठेवली. पुढच्याच वर्षी घरात चेंडू खेळताना मी तिला टोला हाणला. वरपासून खालपर्यंत लांब तडा गेला. फुटली नाही, पण तडा गेला. मी ती बाटली तडा भिंतीकडे करून ठेवली आणि अभ्यासाला बसलो. इतक्या एकचित्ताने मी अभ्यास करतो आहे हे पाहून कुणालाही संशय यायला हवा होता.

आई रोज फळी पुसायची. पुसून झाल्यावर बाटली पुन्हा तशीच, तडा भिंतीकडे. मला वाटायचं, तिच्या कधीच लक्षात आलं नाही. शाळा संपली, कॉलेज झालं, नोकरी लागली, लग्न झालं. मला वाटतच राहिलं. आई गेल्यावर सामान आवरताना मी ती बाटली रिकामी केली. तड्यावर आतल्या बाजूने औषधाच्या दुकानात मिळते ती चिकटपट्टी लावलेली होती. पट्टी पिवळी पडून काचेशी एकजीव झाली होती. आतून! म्हणजे बटणं एकदा सगळी काढून, हात आत घालून, पट्टी दाबून बसवून, बटणं परत भरून, बाटली भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. आणि मला एका शब्दाने बोलली नव्हती.

त्या बाटलीला हिने आईच्या जुन्या सुती पातळाचं झबलं घातलं तेव्हा मी खरा चिडलो होतो. शर्टाचं आपलं वरवरचं. मी म्हटलं होतं, आईची बाटली झाकायची नाही. ही एवढंच म्हणाली, "झाकली आईनेच आहे. मी फक्त बाहेरून."

मराठीत 'पांघरूण घालणं' याचे दोन अर्थ होतात आणि ते दोन्ही अर्थ एका जिभेवर सुखाने नांदतात, याचं मला नेहमी नवल वाटतं. थंडीत झोपलेल्या पोराच्या अंगावर आई घालते तेही पांघरूण, आणि अफरातफर झाली की वरिष्ठ घालतात तेही पांघरूण. गोधडी तरी काय असते? फाटलेलं एक पातळ दुसऱ्या फाटलेल्या पातळाच्या आत लपवायचं आणि वरून धावदोरा घालायचा.

आजींच्या बोलावण्यावरून आम्ही गणपतीनंतर साखरशेतला गेलो. त्यांच्या घराच्या भिंती कारवीच्या कुडाच्या, वरून शेणमातीने लिंपलेल्या. कोपऱ्यात बांबूची कणगी, तीही शेणाने सारवलेली. नाही सारवली तर फटींतून दाणा गळतो. आढ्याला एक वाळका भोपळा टांगलेला होता, बियाणं ठेवायला. याच भोपळ्याची एखाद्याच्या हातून तारपाही होते, खाली बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा लावून. मग सगळा पाडा त्याच्याभोवती नाचतो. आणि चुलीच्या वर कोनाड्यात औषधाच्या बाटलीची चिमणी, झाकणाला भोक पाडून वात घातलेली. घरात वीज आहे, पण ती पावसाळ्यात पाहुण्यासारखी येते-जाते. चिमणीच्या बाटलीवरची कंपनीची चिठ्ठी अर्धी शिल्लक होती. ती कुणी काढली नव्हती आणि तिच्यावर कुणी काही चढवलंही नव्हतं. मी विजयी मुद्रेने हिच्याकडे पाहिलं. तिने डोळ्यांनीच मला सारवलेली कणगी दाखवली.

जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा होतो. रात्रभर देवादिकांचे मुखवटे नाचवतात. गणपती येतो, रावण येतो. गेल्या उन्हाळ्यात मी एक पाहिला. माझ्या शेजारी बसलेला गृहस्थ मला प्रत्येक मुखवट्याआड कोण आहे ते कानात सांगत होता. हा अमक्याचा धाकटा, तो बाजारात कोंबड्या विकतो. आणि सांगून झालं की हात जोडत होता. आत कोण आहे हे माहीत असून नमस्कार! याला फसवणूक म्हणता येत नाही, कारण फसलेलं कुणीच नाही. मग माझ्या बरण्यांनी तरी कुणाला फसवलं होतं? आत बटणं आहेत, बाहेर बटण आहे, शर्ट माझा आहे आणि जॅम मीच खाल्ला आहे.

इथवर मी जवळजवळ पटवून घेतलं होतं, आणि पटलं तर लेख इथेच संपायचा. पण दिवाळीआधी एक प्रकार झाला.

बचतगटाला बँकेचं पहिलं कर्ज द्यायचं असलं की आधी त्या गटाच्या वह्या पाहाव्या लागतात. 1992 साली नाबार्डने पाचशे गटांवर हा प्रयोग सुरू केला, आता तो देशभर आहे. नियमित बैठक, नियमित बचत, आपसात कर्ज, वेळेवर परतफेड आणि नीट लिहिलेल्या वह्या, अशी त्याची पंचसूत्री. पाहायला जायचे होते साहेब, पण त्यांना ताप आला आणि मला धाडण्यात आलं. कुठला गट, कुठला पाडा, हे मी सांगणार नाही. साखरशेतचा नव्हे, एवढं सांगतो.

बारा बायका ओसरीवर बसल्या होत्या. वह्या सुरेख. मी शिल्लक पाहिली: हातातली रोख 3,460 रुपये. पेटी उघडून मोजली: 2,760. पुन्हा मोजली. पुन्हा तेवढीच. सातशे कमी. खजिनदार बाई पेटीकडे पाहत होत्या. त्यांच्या कडेवर एक मूल होतं आणि त्याच्या मनगटावर सलाईनची पट्टी अजून तशीच होती. मला काही विचारावं लागलं नाही. मी तरीही विचारलं, कारण विचारायचाच पगार मिळतो.

"सातशे कमी आहेत."

कुणी बोललं नाही. मग कोपऱ्यातली एक म्हणाली, "ते माझ्याकडे आहेत, साहेब. घरी राहिले." तिचं संपतं न संपतं तोच दुसरी म्हणाली, "नाही, माझ्याकडे." आणि तिच्या पाठची तिसरी, जिला पुढच्या दोघींचं ऐकू गेलं नसावं, ती म्हणाली, "साहेब, सातशे मी घेतलेत, बाजाराच्या दिवशी देते."

बावीस वर्षांच्या नोकरीत मी तुटी पुष्कळ पाहिल्या. तूट निघाली की माणसं आपापल्या टेबलांवरून एकेक करून चहाला जातात. सातशेची तूट आणि एकवीसशेची कबुली, हे मी कुठल्याही शाखेत पाहिलेलं नाही. तिथे वर चौदाशे रुपये शिल्लक निघत होते!

आता मला सांगा, काय लिहायचं? 'रोख 700 रुपये कमी' असं लिहिलं तर ते खरं, आणि कर्ज गेलं. 'रोख बरोबर' लिहिलं तर ते खोटं. मीच तो, बरण्यांपुढे उभा राहून पारदर्शकतेवर भाषण करणारा. मी लिहिलं: 'रोख रकमेची मोजणी पुढील बैठकीत करावयाची आहे.' हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे आणि त्यातला एकही शब्द खोटा नाही. फक्त मोजणी एकदा झालेली आहे हे त्याच्यात नाही. तडा भिंतीकडे.

घरी येताना जीपमध्ये मी स्वतःला समजावत होतो. इथे आतल्या बाराही जणींना माहीत आहे, पैसा त्यांचाच आहे, फसलं कोण? बँकेत बड्या कर्जदाराचं थकलेलं कर्ज फेडायला नवं कर्ज देतात आणि खातं चांगलं दाखवतात, तेव्हा आतल्या चार जणांना माहीत असतं आणि पैसा बाहेरच्या चार लाखांचा असतो. ते पांघरूण वेगळं, हे वेगळं. पण मग वाटलं, त्या चार जणांतलाही प्रत्येक जण रात्री घरी जाताना असंच काहीतरी स्वतःला समजावत असेल. आणि बाहेरचा म्हणून मीच एक तिथे होतो. बँकेने मला डोळे उघडे ठेवायला पाठवलं होतं, पट्टी लावायला नव्हे. सातशेऐवजी सात हजार असते तर? मूल कडेवर नसतं तर? मनगटावरची पट्टी पाहून मी निकाल दिला. उद्या कुणी नुसतीच पट्टी लावून आलं तर?

पुढच्या महिन्यात साहेबांना घेऊन गेलो. रोख मोजली. पै न् पै बरोबर. सातशे कुणी भरले ते वहीत नव्हतं आणि कुणी सांगितलं नाही. कर्ज मंजूर झालं, हप्ते येताहेत. पण हप्ते येतात म्हणून मी बरोबर होतो असं मला म्हणता येत नाही. नसते आले तर चूक ठरलो असतो, असंही छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. साहेबांना मी अजून काही सांगितलेलं नाही. हे पुस्तक त्यांच्या हाती पडलं तर आता कळेलच.

त्या रात्री मी हिला सगळं सांगितलं. ती एका बरणीच्या इलॅस्टिकला टाके घालत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सातशे रुपयांना सलाईन लागतं होय? बाकीचे तिने कुठून आणले ते विचारलंत का?"

मी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेत जाण्याआधी मी फळीपाशी गेलो आणि माझ्या खिशाची तिसरी बरणी फिरवून शाईचा डाग पुढे केला. म्हटलं, निदान एवढं तरी उघड असू दे. संध्याकाळी येऊन पाहतो तर डाग पुन्हा भिंतीकडे. गेले चार महिने हेच चाललं आहे. सकाळी मी बरणी फिरवतो, संध्याकाळपर्यंत ती परत फिरलेली असते, आणि या विषयावर आमच्या घरात अजून कुणी कुणाशी बोललेलं नाही.